खिद्रापूरचे हत्ती

आम्ही म्हणजे इचलकरंजीतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेतले चौघे शिक्षक. दोघे सर, दोघी मॅडम. चौघेही तिशीतले, चौघेही बी.एड. एकाकडे इतिहास, एकीकडे विज्ञान, एकीकडे मराठी आणि एकाकडे उर्दू. उर्दूच्या सरांचा हात चांगला, म्हणून चित्रकलेचा तासही त्यांच्याच गळ्यात पडलेला. लिहिणारा हात आमच्यातल्या एकाचा आहे. पण जे घडलं ते चौघांसमोर घडलं आणि लिहून झाल्यावर चौघांनी वाचलं आहे. म्हणून इथं 'मी' नाही, 'आम्ही' आहे.

गोष्ट नववीच्या वर्गात सुरू झाली. इतिहासाचे सर फळ्यावर मंदिराचा आराखडा काढून दाखवत होते. हा गाभारा, हे अंतराळ, हा सभामंडप. तीन चौकोन काढले, नावं लिहिली, मुलांनी वहीत उतरवून घेतली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, आप अंदर से देखे क्या?"

सर काही क्षण गप्प झाले. मग खरं ते सांगितलं, "नाही."

मधल्या सुट्टीत त्यांनी हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगितला तेव्हा आम्ही आधी हसलो आणि मग आपापला हिशेब मांडला. चौघांचं सगळं आयुष्य याच जिल्ह्यात गेलं. दिवाळीला शेजारून फराळाचं ताट येतं, ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो. कोल्हापूरला गेलो की अंबाबाईच्या देवळाच्या भिंतीला खेटून आम्ही चप्पल, बांगड्या खरेदी करतो. पण देवळाच्या आत काय असतं ते चौघांपैकी एकानंही नीट पाहिलं नव्हतं. मराठीच्या मॅडम लहानपणी शेजारच्या काकूंबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत जायच्या. काकू आत जायच्या, या पायरीवर बसून चपला राखायच्या. तेवढाच काय तो अनुभव. आणि आम्ही मुलांना मंदिर स्थापत्य शिकवत होतो, दोन गुणांसाठी, चार गुणांसाठी.

आमच्या शाळेची सहल दरवर्षी विजापूरला जाते. गोल घुमट, इब्राहिम रोजा, जामा मशीद. घुमटाखाली मुलं ओरडतात, आवाज घुमून परत येतो, सगळे खूश होतात. त्या वर्षी आम्ही मुख्याध्यापकांना म्हटलं, या खेपेला खिद्रापूर. तास-सव्वा तासाची वाट आहे, खर्च कमी आहे आणि धड्यातली गोष्ट डोळ्यांनी बघता येईल. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पालकांचं बघा बाबांनो," एवढंच म्हणाले.

पालकांचं बघणं सोपं नव्हतं. आमच्या शाळेतली बहुतेक मुलं यंत्रमाग कामगारांची. बाप मागावर, आई घरी कांड्या भरते, रात्रपाळी-दिवसपाळीत घर विभागलेलं. त्यांना सहलीचे पैसे परवडतील का हा आमचा नेहमीचा प्रश्न. या वेळी पैशांचं कुणी बोललंच नाही. सभेत एका मुलीची दादी पहिल्याच रांगेत बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "मास्तर, बच्चों कू मंदिर में कायकू ले जाते? मस्जिदां कम पड़े क्या?" बायकांच्या बाजूला हशा झाला. पुरुषांच्या बाजूला मात्र कुणी हसलं नाही. त्यांच्या मनात वेगळंच होतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मशिदीची आणि घरांची मोडतोड झाली. एक बाप सरळच म्हणाला, "सर, तुम्ही चांगल्या मनानं नेताय. पण तिथं कुणी काही बोललं तर? पोरांनी काही उलट बोललं तर? निस्तरणार कोण?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तसं सांगितलं.

आमच्या मनातही किंतु होताच, तो लपवण्यात अर्थ नाही. तौहीद मानणाऱ्या माणसानं मूर्ती असलेल्या जागी जाऊन काय पाहायचं आणि कुठं थांबायचं? आम्ही मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांकडे गेलो. वयस्कर माणूस, कमी बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इबादत के लिए तो जा नहीं रहे. इबरत के लिए जाओ. झुको मत, हँसो भी मत." आमच्या चार डिग्र्यांना जे सुचलं नव्हतं ते त्या दोन वाक्यांत आलं. झुकायचं नाही हे आम्हाला माहीत होतं. हसायचं नाही, हे मुलांना वेगळं सांगावं लागणार होतं.

एक्केचाळीस मुलांपैकी तेहतिसांची संमतीपत्रं आली. त्यात त्या दादीच्या नातीचंही होतं. दादीनं अंगठा उमटवताना बजावलं होतं, "हात नक्को जोड़."

डिसेंबरातल्या एका सकाळी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेऊन निघालो. गाळपाचा हंगाम. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या. मुलं खिडकीतून हात काढून ऊस ओढायला बघत होती आणि कंडक्टर ओरडत होते. मराठीच्या मॅडमनी गाडीतच नियम सांगितले. चपला बाहेर. आवाज हळू. कुणी पूजा करत असेल तर त्याच्या समोरून जायचं नाही. नमाजीच्या समोरून आपण जातो का? मूर्तीकडे बोट दाखवून हसायचं नाही. विचारल्याशिवाय गाभाऱ्यात जायचं नाही, फोटो काढायचा नाही. कुणी प्रसाद दिला आणि घ्यायचा नसला तर हात छातीवर ठेवून 'माफ करा' म्हणायचं, तोंड वाकडं करायचं नाही. एका पोरानं विचारलं, "मॅडम, सलाम करायचा का नमस्कार?" मॅडम म्हणाल्या, "माणसांना नमस्कार करा. भिंतींना नुसतं बघा."

वाटेत नरसोबाची वाडी लागते. कृष्णा-पंचगंगेचा संगम. दत्ताच्या पादुकांचं हे ठिकाण महाराष्ट्र-कर्नाटकात प्रसिद्ध आहे. आम्ही घाटावर थांबलो, देवळात गेलो नाही. दर्शनाची रांग मोठी होती आणि आमच्यामुळे कुणाचा खोळंबा नको होता. लांबूनच इतिहासाच्या सरांनी मुलांना दाखवलं, या देवळाला शिखर नाही. वाडीत सांगतात की विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीला इथं दृष्टी आली, म्हणून बादशहानं हे देऊळ बांधून दिलं. हे ऐकताना आमची मुलं ताठ झाली. एक जण म्हणाला, "मतलब हमारे बादशहा ने बाँध्या!" 'हमारे' हा शब्द आमच्या कानावर पडला, पण त्या वेळी आम्ही तो सोडून दिला. उलट थोडं बरंच वाटलं. पुढे कुरुंदवाड लागलं तेव्हा आम्हीच उत्साहानं सांगितलं की इथं गणेशोत्सवात मशिदींमध्येही गणपती बसतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सहल छान चालली होती.

खिद्रापूर हे कृष्णेच्या काठावरचं लहान गाव, शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला, नदीपलीकडं कर्नाटक. "खिज्र अलैहिस्सलाम का गाँव क्या, सर?" एकानं विचारलं. पाण्याच्या काठी गाव आणि नावात खिज्र. पोराचं डोकं चालत होतं, म्हणून आम्ही त्याला हटकलं नाही. गावातल्या घरांच्या मधूनच वाट जाते आणि एकदम समोर काळ्या दगडाचं कोपेश्वराचं देऊळ उभं राहतं.

वाचकहो, पाहिलेलं सगळं सांगायला बसलो तर पानं पुरायची नाहीत. पण एक जागा सांगायलाच हवी. मुख्य देवळाच्या पुढं एक वेगळा मंडप आहे. त्याला स्वर्गमंडप म्हणतात. अठ्ठेचाळीस खांबांवर छत उभं आहे आणि छताच्या बरोबर मध्ये गोल मोकळी जागा सोडलेली आहे, सुमारे १३ फूट रुंद. खाली तेवढ्याच मापाची एक गोल शिळा बसवलेली. त्या शिळेभोवती बारा खांब, आणि खांब इतके गुळगुळीत की हात फिरवावासा वाटतो. मुलं आत शिरली आणि आपोआप गप्प झाली. सांगावं लागलं नाही. तेहतीस मुलं माना वर करून आकाशाचा गोल तुकडा बघत उभी राहिली. विजापूरला छत बंद आहे म्हणून आवाज फिरतो. इथं छत उघडं आहे म्हणून उजेड फिरतो. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र बरोबर या झरोक्यावर येतो आणि खालची शिळा उजळते, ते बघायला लोक लांबून येतात. विज्ञानाच्या मॅडमनी हे सांगितलं तेव्हा ती मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, वो चौदवीं का चाँद हुआ ना? उनकी तारीख बी चाँद पे चलती?" मॅडमनी मग तिथंच हिजरी महिना आणि मराठी महिना यांचा तास घेतला. दोन्हींचा महिना चंद्रावरच चालतो. फरक इतकाच की मराठी पंचांग अधूनमधून अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ राखतं, हिजरी सनात तो नाही. म्हणून आपला रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि दिवाळी मात्र थंडीच्या तोंडावरच येते. चार वर्षांत वर्गात जे समजलं नव्हतं ते त्या झरोक्याखाली पाच मिनिटांत समजलं.

गाभाऱ्याशी पुजारी होते. त्यांनी आम्हाला पाहून मान हलवली आणि पोरांना दारापर्यंत बोलावलं. आत दोन लिंगं आहेत, एक कोपेश्वर म्हणजे शंकर आणि दुसरं धोपेश्वर म्हणजे विष्णू. त्यांनी कथा सांगितली. दक्षाच्या घरी यज्ञ होता, मुलगी सती बिनबोलावता माहेरी गेली, तिथं नवऱ्याचा अपमान झाला, तिनं अग्नीत देह टाकला. शंकर कोपले. त्यांना शांत करायला विष्णू आले आणि इथं शेजारी बसले. "आता नंदी कुठं आहे सांगा बरं?" पुजाऱ्यांनी विचारलं. मुलांनी इकडंतिकडं पाहिलं. शंकराच्या देवळात नंदी असतोच, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. इथं नाही. "सती माहेरी गेली ती नंदीवर बसून. तो काही परत आला नाही. तो तिकडं नदीपलीकडं यडूरला आहे." दादीच्या नातीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुजाऱ्यांनी खोबऱ्याचे तुकडे पुढं केले. इथं आमच्यात एकमत नव्हतं आणि ते अजूनही नाही. दोघांनी घेतलं, दोघांनी छातीवर हात ठेवला. मुलांनी आमच्याकडं पाहून आपापलं ठरवलं. पुजारी शांतपणे म्हणाले, "आग्रह नाही हो. तुमचा नियम तुम्ही पाळा." आम्हाला भीती होती त्या क्षणाची, आणि तो असा सहज निघून गेला.

मग आम्ही बाहेर आलो, देवळाला वळसा घालायला. बाहेरच्या बाजूनं, जोत्याच्या वर, हत्तींची रांग आहे. नव्वदच्या वर हत्ती, एकाशेजारी एक, जणू सगळं देऊळ त्यांनी पाठीवर तोलून धरलंय. प्रत्येकाच्या पाठीवर कुणी ना कुणी बसलेलं. अंगावरचे साज, घंटा, दोर, सगळं कोरलेलं. पण सोंडा तुटलेल्या. एक, दुसरा, तिसरा. हत्तीमागून हत्ती, तोंडापाशी नुसता खडबडीत दगड. वरच्या मूर्तींचेही हात, चेहरे गेलेले.

गावातले एक वयस्कर गृहस्थ केव्हापासून आमच्याबरोबर फिरत होते. धोतर, टोपी, हातात काठी. न मागता माहिती सांगत होते आणि चांगली सांगत होते. दक्षिण दाराजवळचा यादव राजा सिंघणाचा शिलालेख त्यांनीच दाखवला. हत्तींपाशी आल्यावर ते नेहमीच्या सवयीनं बोलू लागले, "आन् ह्या सोंडा कुणी तोडल्या म्हनशीला, तर त्या औ..." आणि थांबले. त्यांची नजर मुलांच्या टोप्यांवरून, मुलींच्या स्कार्फवरून फिरली. "म्हंजे लढाईत हो. लढाया झाल्या न्हवं का लई."

त्यांनी वाक्य गिळलं ते आमच्यासाठी. पाहुण्याला लागू नये म्हणून. आणि त्याच वेळी आमचं लक्ष गेलं की मंडपाच्या कोपऱ्यावर दोन तरुण मोबाईल धरून उभे आहेत. ते आमचं शूटिंग करत होते की देवळाचं, कळायला मार्ग नव्हता. विज्ञानाच्या मॅडमनी मुलींना आपल्या मागं घेतलं. मुलं आमच्या तोंडाकडं बघत होती. नववीची मुलं म्हणजे अडाणी नव्हेत. अर्धवट राहिलेला शब्द कुठला ते त्यांना आमच्याआधी कळलं होतं. गेली दोन वर्षं तो शब्द त्यांच्या घरात कुजबुजून उच्चारला जातो. मोबाईलवर तो आला की बाप फोन काढून घेतो.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. गाडीत बसायची वेळ झाली म्हणून पुढं निघता आलं असतं. पण सकाळी वाडीच्या घाटावर 'हमारे बादशहा' म्हणून जो शब्द आम्ही कौतुकानं सोडून दिला होता, तो आता समोर येऊन उभा राहिला. देऊळ बांधून दिल्याची कथा आली की तो बादशहा आमचा. देऊळ फोडल्याची कथा आली की तो कोण? दोन्ही कथा लोकांच्या तोंडच्या. दोन्ही एकाच नदीच्या काठच्या, एकमेकींपासून तासाभराच्या अंतरावर. एक आम्ही पोरांना टाळ्या वाजवत ऐकवली आणि दुसरीच्या वेळी त्यांना गाडीत बसवायचं?

इतिहासाचे सर म्हणाले, "काका, गावात जे सांगतात ते पोरांना सांगा. शिकायलाच आलीत."

काकांनी आमच्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाले, "औरंगजेबाच्या फौजेनं तोडल्या असं आमचं वाडवडील सांगत. आमी काय बघाया न्हवतो."

सरांनी मग तिथंच, हत्तींच्या समोर उभं राहून धडा घेतला. औरंगजेबाची फौज या मुलखात आली होती हे खरं. १७०१ मध्ये पन्हाळा आणि १७०२ मध्ये विशाळगड तिनं घेतला. मध्ययुगात राजे शत्रूच्या मुलखात शिरले की देवळं फोडत, लुटत. हे झालं आहे, आपल्या नावाचे राजे त्यात होते, ते नाकारायचं नाही. पण आणखी एक गोष्ट याच भिंतीवर लिहिलेली आहे. हे देऊळ बाराव्या शतकात कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी उभं केलं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला यादव राजा सिंघणानं शिलाहारांचं राज्य जिंकलं. जिंकलेल्या राजाचं देऊळ होतं, तरी त्यानं त्याच्या पूजेअर्चेसाठी दान दिलं आणि तसा लेख दारापाशी कोरला. म्हणजे जिंकणाऱ्याच्या हातात दोन्ही असतं. हेमाडपंताच्या आधीचं हे बांधकाम, आठशे वर्षं उभं आहे. त्यावर देणाऱ्याची खूण आहे आणि तोडणाऱ्याचीही. मग सरांनी अल्बेरूनीची आठवण सांगितली. सोमनाथवर स्वारी करणारा गझनीचा महमूद, आणि त्याच्याच काळात, त्याच्याच राज्यातला अल्बेरूनी, जो संस्कृत शिकला, पंडितांकडं बसला आणि १०३० च्या सुमारास या देशातल्या लोकांच्या श्रद्धांवर ग्रंथ लिहिला, त्यांची टर न उडवता. दोघंही मुसलमानच. "आपण कुणाचे वारस, हे नावावरून ठरत नाही. आपण काय करतो त्यावरून ठरतं," सर म्हणाले. सर जरा भाषणाच्या सुरात गेले होते, पण मुलं ऐकत होती.

मागून एका मुलानं हळूच विचारलं, "सर, गजापूर की मस्जिद जैसा?"

आम्ही चौघेही गप्प झालो. काकांना कळलं असावं. तो मुलगा हत्तीच्या तुटलेल्या तोंडावर बोट टेकवून उभा होता. त्यानं मोबाईलवर गजापूरचं चित्र पाहिलं होतं. आपली जागा कुणी फोडली की कसं वाटतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीनशे वर्षांपूर्वी इथं राहणाऱ्या एखाद्या पोरालाही तसंच वाटलं असणार, एवढाच पूल बांधायचा होता आणि तो त्यानं स्वतः बांधला. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "हो बेटा. तसंच." काका काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "वाईटच ते. कुनाचं बी असूद्या."

ते दोन तरुण एव्हाना निघून गेले होते. पुढचे दोन दिवस आम्ही चौघेही फोन पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो, आपलं काही कुठं फिरतंय का. काही आलं नाही. कदाचित ते बिचारे हत्तींचाच फोटो काढत असतील. पण भीती ही अशी असते; दुसऱ्याच्या हातातला फोनसुद्धा आपल्यावर रोखलेला वाटतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या फौजेचा जाब कुणीतरी आपल्याला विचारील, या धास्तीत आमची मुलं मोठी होत आहेत. ही गोष्टही त्या दिवसाचाच भाग आहे, ती गाळून सहल गोड करण्यात अर्थ नाही.

जोहरची वेळ झाली. काका म्हणाले, "हितंच आवारात झाडाखाली करा की, कोन काय म्हनतंय." बोलणं मनापासून होतं. आम्हाला हजरत उमर यांची रिवायत आठवली. जेरुसलेम हाती आल्यावर तिथल्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी त्यांना चर्चमध्येच नमाज पढायला सांगितलं. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि बाहेर येऊन नमाज पढली. आपण आज इथं पढलो तर उद्या आपले लोक या जागेवर हक्क सांगतील, ही त्यांना काळजी. आम्ही ही गोष्ट काकांना सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली आणि म्हणाले, "शाना मानूस. मग आमच्या परड्यात चला." त्यांच्या घरामागच्या परड्यात म्हशी बांधल्या होत्या, एका कडेला कडबा रचलेला. त्यांच्या सुनेनं बादलीभर पाणी आणि तांब्या दिला. आम्ही मुलांना दोन रांगांत उभं केलं. घरच्या लहान मुलीला हा प्रकार नवीन होता. ती दारात उभं राहून बघत होती. हसत मात्र नव्हती. तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

परत येताना वाडीला पुन्हा थांबलो. मुलांनी कवठाची बर्फी आणि पेढे घेतले. गाडीत गाण्याच्या भेंड्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला उर्दूच्या सरांनी हत्ती काढायला सांगितला. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, सोंड काढू का?" सर म्हणाले, "तू काय पाहिलंस ते काढ." बराच वेळ ती पेन्सिल चावत बसली. मग तुटलेलं तोंड काढलं आणि भूमितीत काढतात तशी तुटक रेघ ओढून सोंड कुठं होती ते दाखवलं. ते चित्र आम्ही स्टाफरूममध्ये लावलं आहे.

सहलीबद्दल सगळे पालक खूश झाले असं नाही. एका वडिलांनी मुलाला खोबरं खाल्ल्याबद्दल रागे भरलं आणि येऊन आम्हालाही सुनावलं. आम्ही ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. प्रत्येक घराची मर्यादा त्या घरानं ठरवायची. पुढच्या वेळी संमतीपत्रावर तशी एक ओळ घालायची, असं ठरवलं.

आठवड्यानं ती दादी शाळेच्या फाटकाशी उभी दिसली. आम्हाला वाटलं, आता हिचंही ऐकावं लागणार. दादीनं पदर सावरला आणि विचारलं, "मास्तर, पोरी बोली वो बैल बेटी कू मैके छोड़ने गया. फिर वापस आया क्या?"

"नाही दादी. तो तिकडंच यडूरला बसलाय म्हणतात."

"यडूर? मेरा मैका उधरीच है, चिकोडी के बाजू कू." दादी थोडा वेळ गप्प राहिली. बाप गेल्यापासून ती माहेरी गेली नव्हती, हे तिच्या नातीनं नंतर आम्हाला सांगितलं. जाताना ती वळली आणि म्हणाली, "अच्छा बैल है. अकेली कू नहीं छोड़्या." आणि मग पुन्हा आठवण झाल्यासारखं, बोट वर करून, "पोरी हात तो नहीं जोड़ी ना?"

"नाही दादी."

"और हँसी?"

"नाही."

"फिर ठीक है," दादी म्हणाली आणि कांड्या भरायला घराकडं निघाली.